बाईंची उत्तरं

"बाई, ही गणितं तुम्ही स्वतः सोडवून बघता का?"

चवळीच्या तोंडून प्रश्न बाहेर पडला आणि सगळ्या माना बाईंकडे वळल्या. प्रश्न तसा तिचा नव्हताच. तोंड तिचं, डोकं शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं, वकिलिणीचं. मधल्या सुट्टीत नळावर पैज लागली होती: विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलणार, नाही विचारलंस तर तू माझं. वकिलिणीचं दप्तर म्हणजे नुसता धोंडा. त्यापेक्षा विचारून टाकलेलं बरं, असं चवळीला वाटलं होतं.

बाईंनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. रुमालाने बोटं पुसली, एकेक करून, पाचही.

"उत्तरांची पट्टी आहे ना आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "पट्टीत आहे ते बरोबर." मग जरा थांबून, "शाळा सुटल्यावर थांब तू."

"मेलीस," मागून चष्मिश पुटपुटली.

गेल्या वर्षीपर्यंत हीच चवळी हजेरीला 'हजर' असं पुटपुटायची की दोनदा तिची गैरहजेरी लागली होती. पाढे तिला कधी धड आले नाहीत. पण यंदा, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी तर्काची गणितं सुरू झाली आणि पोरीला वाचाच फुटली. रांगेत कोण कितवी, पुढची संख्या कोणती, आरशातल्या घड्याळात खरे किती वाजले. वाचता वाचता तिला ते डोळ्यांसमोर दिसायचं. पहिल्या सराव संचात तीसपैकी एकोणतीस, दुसऱ्यात अठ्ठावीस. बाईंनी तिला फळ्यापाशी उभं करून समजावून सांगायला लावलं. त्या दिवसापासून तिचा आवाज चढला तो चढलाच. "हिचं बटण कुठाय रे देवा," असं बाबा कौतुकाने म्हणायचे.

आणि मग तिसरा संच आला.

एक मुलगी रांगेत डावीकडून सातवी, उजवीकडून अकरावी. रांगेत एकूण किती मुली? चवळीने हात वर केला, "सतरा." बाईंनी पट्टी बघितली. "अठरा," त्या म्हणाल्या. "का बरं अठरा?"

अशा वेळी वकिलीण कामाला यायची. तिला कुठलंही उत्तर द्या, ती त्याला कारण शोधून द्यायची. नाव उगाच नव्हतं पडलं. "बाई, ती मुलगी दोन्ही बाजूंनी मोजलीय ना. म्हणजे ती दोनदा धरायची."

वर्गाने माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आरशात तीन वाजून वीस मिनिटं दिसणारं घड्याळ आलं. चवळीचं उत्तर आठ चाळीस, पट्टीचं नऊ वीस. त्यालाही वकिलिणीकडे कारण होतं: आरशातलं घड्याळ थोडं मागे पडतं. "आमचा आरसा जुना आहे, त्यात पडत असेल," चष्मिश म्हणाली, आणि सगळे हसले. चवळीही हसली. पण घरी जाऊन ती आरशासमोर घड्याळ धरून बराच वेळ उभी राहिली. घड्याळ काही मागे पडेना.

तीन आठवडे असेच गेले. तिसरा संच, मग चौथा. तीसपैकी आठ, तीसपैकी नऊ. एखादं उत्तर पट्टीशी जुळायचं, त्यामुळे पट्टीवर कुणी संशयही घेतला नाही. चवळीचा हात आधी अर्धा वर जायला लागला, मग वर जायचाच थांबला. घरोघरी गुण कळले, तशी बोलाबोली सुरू झाली. गणिताचे सर वर्षाच्या मध्येच सोडून गेले आणि हेडसरांनी भाषेच्या बाईंच्या गळ्यात हा तास घातला. कविता शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईंना यातलं काय कळणार? उद्या पालकसभा होती. बाईंना बदला, हा एकच विषय. परीक्षा पाच दिवसांवर.

शाळा सुटली. वर्गात बाई आणि चवळी दोघीच उरल्या. बाईंनी पर्समधून एक वही काढली.

"विचारलंस ना मगाशी? बघ."

पानापानावर पेन्सिलीने गणितं सोडवलेली होती. रांगेतल्या मुली छोट्या उभ्या रेघांनी काढलेल्या, घड्याळं वाटीच्या काठाने गोल आखलेली. प्रत्येक गणिताखाली उत्तर होतं, ते खोडलेलं होतं आणि शेजारी दुसरं लिहिलेलं होतं.

"रोज घरी सोडवते मी," बाई म्हणाल्या. "माझं आणि पट्टीचं जमतच नाही गं. मला वाटलं, वय झालं, डोकं चालेनासं झालं. सहा महिन्यांनी निवृत्त होणार मी. म्हणून माझं खोडायचं आणि पट्टीतलं वर्गात सांगायचं. आणखी काय करणार?"

चवळी खोडलेल्या रेघेखालचे आकडे वाचत होती. सतरा. आठ चाळीस. तिने पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग दप्तर उपडं करून स्वतःची वही काढली आणि शेजारी ठेवली.

"बाई, माझंही सतरा होतं. हे बघा. हेसुद्धा. आणि हेही."

"दोघींचंही चुकलं असेल."

"एकदा चुकेल. पण वीस वेळा दोघींचं चुकेल आणि दर वेळी सारखंच चुकेल, हे कसं होईल?"

बोलता बोलता तिला जाणवलं, कितीतरी दिवसांनी आपण 'कसं' असं विचारलं. बाईंनी खणातून दोन्ही पट्ट्या काढल्या. अरुंद, कडक कागदाच्या. वर मथळा नाही, नुसते एक ते तीस आणि पुढे बरोबर पर्यायाचं अक्षर. चौथ्या संचाची पट्टी त्यांनी तिसऱ्या संचाच्या पानाला लावली. बोट ठेवून दोघी खाली खाली येत गेल्या. बाईंची खोडलेली उत्तरं ओळीने जुळत गेली. तीसपैकी अठ्ठावीस.

आपल्याच खोडलेल्या आकड्यांवरून बाईंनी अंगठा फिरवला.

चवळीने पट्टी उलटी केली. मागे पेन्सिलीने बारीक '४' काढलेला होता, खालची शेपटी लांब ओढलेला. असा चार जगात एकच माणूस काढतो. तिची आई.

शाळेच्या झेरॉक्स आई कामाला होती त्याच दुकानात निघायच्या. चारही संचांची उत्तरं पुस्तकात एकाच पानावर होती. आईने झेरॉक्स काढून त्याच्या चार पट्ट्या कापल्या आणि मथळ्याची कड वाकडी गेली म्हणून कटरने ती उडवली. मग कुठली कुठली हे कळावं म्हणून मागे आकडे घातले, आणि तिथेच तीन-चारची अदलाबदल झाली. जेवताना तिने सांगितलंही होतं, "अशा सुबक कापल्यात, बघत राहावं."

"बाई, हे आईने..."

"मला माहीत आहे त्या दुकानात कोण कामाला आहे ते. आईला काही बोलू नकोस. लावून बघायला हवं होतं मी, ते माझं काम. उद्या सभेत सांगेन, माझ्याकडून अदलाबदल झाली." वही मिटता मिटता त्यांनी विचारलं, "बरं, हे सांग. डावीकडून नववी, उजवीकडून सहावी. एकूण किती?"

"चौदा," चवळी म्हणाली. आणि लगेच, "थांबा. ती दोनदा धरायची का? पंधरा?" तिने बाईंकडे बघितलं. "तुम्हीच सांगा."

"चौदा," बाई म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांचीही नजर पट्टीकडे गेली.

चवळी घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी शिलाई मशीनचं बॉबिन केस साफ करत होते. आई नुकतीच दुकानातून येऊन पाय पसरून बसली होती. चवळीने सगळं एका दमात सांगितलं. आई आधी म्हणाली, छे. मग म्हणाली, दाखव. चवळीने बाईंकडून मागून आणलेली पट्टी हातात घेऊन तिने मागचा आकडा बघितला, पुन्हा पुन्हा बघितला.

"दोनदा बघितलं होतं गं मी," ती म्हणाली. "दुकानात तेव्हा पाच जण उभे होते. तरी दोनदा बघितलं होतं."

"बाई म्हणाल्या, तुला बोलू नको म्हणून."

"चांगल्या आहेत बाई." आईचा आवाज एकदम लहान झाला. "शाळेचं काम मी आणलं म्हणून तर मालकांनी मला झेरॉक्सच्या मशीनवर बसवलं. नाहीतर अजून फरशीच पुसत असते. हे कळलं की शाळा दुसरीकडे जाणार आणि मी घरी."

बाबा तेलकट बोटं फडक्याला पुसत म्हणाले, "बाईंनी घेतलंय ना अंगावर? मग राहू दे. त्या तशाही सहा महिन्यांनी घरीच बसायच्या. त्यांचं काय जातंय?"

काय जातंय, ते चवळीला दिसत होतं, पण सांगता येईना. उद्या वकिलिणीचे वडील पहिल्या रांगेत बसणार, हेडसर मान हलवणार. बाई उभ्या राहून म्हणणार, माझंच चुकलं. आणि कुणाला नवल वाटणार नाही. इकडे आई पट्टीची कड नखाने सरळ करत बसली होती. तिच्या बाजूनेही चवळीला काहीच खोटं दिसत नव्हतं. कुठलंही उत्तर धरावं तर कुणीतरी खोडलं जात होतं.

तिने आईच्या हातातून पट्टी घेऊन आपल्या वहीत ठेवली. मग म्हणाली, "उद्या सभेत मी बोलणार आहे."

"काय बोलणार आहेस तू?" बाबांनी विचारलं.

"बाईंची वही मागून घेणार आणि सगळ्यांना दाखवणार. पट्ट्या बदलल्या गेल्या, पण बाईंनी स्वतः सोडवलेली तीसपैकी अठ्ठावीस बरोबर आहेत, एवढंच सांगणार. दुकानाचं नाव मी काढणार नाही."

आईने वर बघितलं. "आणि कुणी विचारलं, पट्ट्या कापल्या कुणी?"

चवळीने आवाज खाली येऊ दिला नाही.

"विचारलं तर सांगणार, आई. म्हणून तुला आजच सांगतेय."