निनावी चिठ्ठी

दीनानाथ सरांनी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, नाटकं लिहिली, गावोगाव भाषणं ठोकली. त्यांचा शब्द न् शब्द तीस वर्षं बायकोनं, शीलाबाईंनी, सुवाच्य उतरवून दिला.

राळेगावच्या व्याख्यानात श्रोत्यांकडून निनावी चिठ्ठ्या मागवल्या. मागच्या रांगेतून शीलाबाईंनीही पर्समधल्या पेनानं एक लिहून पाठवली: ‘घरात माझं कोणी ऐकत नाही. जगावंसं वाटत नाही.’

सरांनी ती डोळ्यांसमोर धरून वाचली. अक्षर ओळखलं नाही. मग असं काही बोलले, की बायांनी डोळ्यांना पदर लावले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "त्या बिचारीच्या घरचे काय दगड आहेत का? उत्तर मात्र झकास जमलं. आत्ताच लिहून घे, उद्या ढाणकीच्या भाषणात कामी येईल."

शीलाबाईंनी पर्समधून तेच पेन काढलं.