काकू नावाची पाच मतं

मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे, मित्रांनो. रूप म्हणाल तर डोक्यावर एक फट आणि पोटाला पितळी कुलूप, बस्स. पण जन्म माझा थेट इटलीचा! दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात, प्रांतिक परिषदेच्या निवडणुकीसाठी, सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. त्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव एकच. मग लोक चिठ्ठीवर 'पाववाल्याचा धाकटा' असं काहीतरी लिहून मोकळे व्हायचे आणि मोजणारे कपाळाला हात लावायचे. मला मात्र त्या चिठ्ठ्या फार आवडायच्या.

पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या आणि मला कोणी विचारेना. गावच्या कारकुनाची मुलगी मला घेऊन अमेरिकेत आली आणि तिने तीस वर्षं माझ्यात बटणं ठेवली. बटणं! ती गेल्यावर ट्रॉय गावातल्या एका गराज सेलमध्ये मी धूळ खात पडले होते, तेव्हा गुरुनाथकाकांनी मला उचललं. जवळच्याच नोव्हाय गावातल्या एका छोट्या मराठी मंडळाचे ते निवडणूक अधिकारी. त्यांनी मला तेल लावून असं चमकवलं म्हणता! त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

यंदा अध्यक्षपदाला दोघं उभे होते. यतीन, आयटीतला हुशार मुलगा. त्याला रविवारची मराठी शाळा ऑनलाइन करायची होती. आणि शैलजाकाकू. त्या बावीस वर्षं ती शाळा चालवत होत्या, आणि पोरांनी एका खोलीत बसूनच मराठी शिकावं म्हणून या वयात पहिल्यांदा निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. काकांचा नियम कडक होता. चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, नाहीतर मत बाद.

मोजणी झाली. यतीनला एकसष्ट, शैलजाकाकूंना अठ्ठावन्न. आणि पाच चिठ्ठ्यांवर नुसतंच 'काकू'!

"बाद," काका म्हणाले. "काकू हे काय नाव झालं?"

"बट दॅट इज हर नेम!" मागून इला ओरडली. यंदाच अठरा पूर्ण झालेली, काकूंचीच विद्यार्थिनी. गुप्त मतदानाचे तीनतेरा!

काकूंनी एक चिठ्ठी हातात घेतली. अक्षर वाकडंतिकडं, कू ऱ्हस्व, पण देवनागरी. त्यांचे डोळे भरून आले. "अगं, काकूतला कू दीर्घ! किती वेळा घोटून घेतला होता..." असं म्हणत त्यांनी सवयीने पर्समधून लाल पेन काढलं.

"शैलजाताई, खबरदार!" काका किंचाळले. "मतं तपासायची नसतात!"

सगळे हसले. काकू मात्र खाली बसल्या. "राहू दे हो," त्या हळूच म्हणाल्या. "बावीस वर्षांत मीच त्यांना माझं नाव शिकवलं नाही."

यतीन फोनकडे बघत उभा होता. त्याने तो काकांपुढे धरला. काकूंचा नंबर त्याच्याकडे 'शाळा काकू' म्हणून सेव्ह होता.

"मलाही त्यांचं आडनाव माहीत नाही यार," तो म्हणाला. "काउंट करा, काका. हे कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळतंय."

"तू हरशील, यतीन."

"दोन मतांनी. चालेल."

मित्रांनो, इतकी माणसं मी पाहिली, पण त्या दिवशी मला यतीनचा पापा घ्यावासा वाटला. काय करणार, तोंड आहे ते फक्त चिठ्ठ्या गिळण्यापुरतं.

काकांनी ती पाचही मतं धरली आणि काकू अध्यक्ष झाल्या. आता मी मंडळाच्या कपाटात नसते. दर रविवारी शाळेच्या टेबलावर असते. पहिल्याच रविवारी काकूंनी फळ्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि मुलांनी ते गिरवून चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या. कोणाचा 'शै' उलटा, कोणाचा 'जा' तिरपा. मी एकेक जपून ठेवली आहे.

तुम्हीही एक करा. तुमच्या काकू, मावशी, काका, ज्यांच्या हातचं खाता आणि ज्यांच्याकडून शिकता, त्यांना एकदा त्यांचं नाव विचारा. आणि लिहून बघा. चुकलं तर चुकू दे. लाल पेन घेऊन कोणीतरी बसलेलंच असतं.