डेंगूबाईचा परत आलेला डेंगा

रियाचा हिशोब चुकता करायचा हे मी गेल्या वर्षीच ठरवलं होतं. फक्त सिनेमाचा दुसरा भाग यायची वाट बघत होते.

पहिला भाग, 'बिऱ्हाड खाडीकाठी', आला तेव्हा आम्ही आठवीत होतो. तसं कार्टूनच, पण घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावं असं. खेकड्यांचं, आमच्या भाषेत चिंबोऱ्यांचं, एक कुटुंब: आई डेंगूबाई, तिचा नवरा आणि तीन पोरं. शेवटी बगळ्याशी झुंजताना डेंगूबाईचा एक डेंगा, म्हणजे पुढची जाडजूड नांगी, मोडून पडते. मी डबा खाताना त्यावर इतकी बडबडले की भाकरी तशीच राहिली. पुढच्या सोमवारी माझी ती सगळी बडबड शाळेच्या भित्तिपत्रकावर झळकली. खाली नाव रियाचं!

मी वर्गात ओरडले, हे माझं आहे. रिया शांतपणे म्हणाली, "हिला धड 'नाही' म्हणता येत नाय आणि ही परीक्षण लिहिणार?" त्यातला 'नाय' तिनं असा हेल काढून म्हटला की अख्खा वर्ग खो खो हसला. मी करंजा गावची, कोळ्याची पोर. घरी आम्ही 'नाय'च म्हणतो. पण त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली ती वर्षभर.

आता मी नववीत आहे, कबड्डीची कॅप्टन आहे, आणि माझा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातो.

दुसरा भाग लागला त्याच आठवड्यात पद्मजा बाईंनी जाहीर केलं, "ज्यांना हवं त्यांनी परीक्षण लिहा. सिनेमात काय जमलंय, काय फसलंय, दोन्ही आलं पाहिजे. शनिवारी वर्गात वाचायचं. ज्याचं चांगलं, त्याला वर्षभर भित्तिपत्रकावरचा सिनेमाचा कोपरा." दोनच हात वर झाले. माझा आणि रियाचा.

तो कोपरा मला हवाच होता. पण रियाला तो मिळता कामा नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

सिनेमाला मी आईला बोलावलं. आई, म्हणजे चंद्रावती, पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तिकडून ती थेट थिएटरवर आली. पहिल्या तीन गाण्यांत कंटाळली. "एवरी गानी कशाला गो? पोटापान्याचं काय करतात का नाय ही लोकं?" मग एकदम पुढे वाकली. "बघ, बघ! डेंगा परत आला तिचा. बारका हाय बघ. बरोबर दाखवलान."

तिथंच मला माझा डाव सुचला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी माझ्या मैत्रिणीला, दिपिकाला, घेऊन रियाच्या पुढच्या बाकावर बसले. दिपिकाला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

"केवढी घोडचूक गं!" मी म्हटलं. "पहिल्या भागात डेंगा तुटला आणि दुसऱ्यात हजर! चित्र काढणारे विसरलेच. मी तर ह्याच्यावरच लिहिणार."

"अगं, हळू बोल," दिपिका कुजबुजली.

"हळू बोलले तर तिला कसं ऐकू जाणार?" मी तिच्या कानात म्हटलं. दिपिकाला हसू आवरेना, तिनं तोंडात चपाती कोंबली.

शनिवारी रिया पहिली उभी राहिली. तिच्या काही गोष्टी चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. बंदराची चित्रं सुंदर आहेत म्हणाली, खरंच आहेत. बगळा एका गाण्यात सुधारतो ते पटत नाही म्हणाली, मलाही पटलं नव्हतं. मग तिनं आवाज चढवला. "पण सगळ्यात मोठी घोडचूक म्हणजे डेंगूबाईचा तुटलेला डेंगा! चित्र काढणारे चक्क विसरले!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. कागद बाजूला ठेवला. "गाणी जास्त झालीत. पोरांच्या बाबाला नुसतं धडपडून हसवायला ठेवलाय, पहिल्या भागात तो माणूस होता, म्हणजे चिंबोरा होता." वर्ग हसला, ह्या वेळी मला हवा तसा. "पण डेंगा ही चूक नाय. चिंबोरी कवच टाकते. जुन्या कवचातून बाहेर पडते तेव्हा तुटलेला डेंगा नवा फुटतो, आधी बारका. पहिल्याच दृश्यात खडकाशेजारी रिकामं कवच पडलंय. कुणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाय. आणि पुढे बिळाच्या तोंडावरचा दगड तिला त्या बारक्या डेंग्यानं हलत नाय, तेव्हा तीन पोरं न सांगता येऊन हात लावतात. अख्ख्या सिनेमात ते एक दृश्य पहिल्या भागापेक्षा भारी आहे. आणि रियाला तीच घोडचूक वाटली."

मी मुद्दाम तीन वेळा 'नाय' म्हटलं. कुणी हसलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "रिया, रिकामं कवच तू पाहिलं नाहीस?"

रियाचे कान लाल झाले. ती ताडकन उठली. "बाई, ही खोटारडी आहे! डेंगा ही चूक आहे असं हीच म्हणत होती! डबा खाताना! मी माझ्या कानांनी ऐकलंय, तिचंच तर लिहिलं मी!"

बाईंनी चष्मा परत लावला.

"तिचंच लिहिलंस," बाई म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षीचं?"

रिया माझ्याकडे बघायला लागली. मी पण बघत राहिले, पापणी न हलवता. ती खाली बसली, तेच उत्तर होतं.

कोपरा मला मिळाला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. वाटेल म्हणून मी रविवारभर वाट पाहिली, पण नाही. सोमवारी बाईंनी विचारलं, "मनस्वी, डबा खाताना तू तसं बोलली होतीस?"

"हो बाई. बोलले. लिहिलं मात्र नाय."

बाईंनी ओठ दाबून हसू गिळलं. "तुझं मी बघून घेईनच. आधी सांग, रियाचं काय करायचं?"

"तिनं सिनेमा परत बघावा," मी म्हटलं, "एकटीनं. आणि तीन पानं लिहावीत. तपासणार मी."

लाल पेन मी त्याच संध्याकाळी घेतलं. दोन घेतली, एक पुरणार नाही.