चाल पानावर नव्हती

मित्रांनो, राजवाड्याच्या दालनात काचेच्या कपाटात उभा केलेला हा जुना तंबुरा म्हणजे मीच. आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. चांगली चाळीस वर्षं चिडलेला आहे.

दूर दक्षिणेतल्या वेळ्ळिमंगलमच्या एका फणसाच्या खोडातून सुताराने मला कोरलं, चार तारा चढवल्या आणि गोदवर्मा महाराजांच्या हाती दिलं. महाराज तेव्हा विशीतले. सगळा कारभार गोऱ्या रेसिडेंट साहेबाच्या मुठीत होता, महाराज फक्त सहीपुरते. मग ते सकाळी ओसरीवर मला घेऊन बसत आणि गाणी रचत.

समोर कुंजुकुट्टी, देवळाचे हार करणाऱ्या वारस्यार बायकांपैकी एक, तुळशीचे हार गुंफत असे. गळा गोड, जीभ तिखट.

"कशी झाली ओळ?" महाराज विचारायचे.

"पहिली झकास. दुसरी लंगडतेय."

"राजाला लंगडा म्हणतेस?"

"ओळीला म्हटलं. तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?"

महाराज हसत आणि मुकाट्याने ओळ बदलत.

गाणं जमलं की शब्द ताडपत्रावर कोरले जात, वर राग-तालाचं नाव. चाल मात्र लिहीत नसत. ती या गळ्यातून त्या गळ्यात जायची. आमच्याकडे सगळ्यांची तीच रीत होती.

एके दिवशी साहेबाचा हुकूम आला, दरबारातले सगळे गवई काढून टाका. राज्य गाण्यावर चालत नाही म्हणे! अरे, ज्याच्याकडे तुम्ही गाण्याशिवाय काही ठेवलंच नाही, त्याचं गाणंही काढून घेता? महाराजांनी अंथरूण धरलं. पडल्या पडल्या एक शेवटचं गाणं रचलं, देवळात सांजदिवे लावताना म्हणायचं. ते शिकून घ्यायला गवई उरला नव्हता, म्हणून कुंजुकुट्टीला बोलावलं. सहा दिवस तिने मला छेडलं आणि महाराज क्षीण आवाजात चाल सांगत राहिले.

"ही सांभाळशील ना?"

"सांभाळीन. तुम्ही आधी ती पेज प्या बघू."

पेज तशीच राहिली. महाराज बत्तीस वर्षांचे होते.

नव्या राजाने साहेबाच्या धाकाने ते गाणं देवळात म्हणू दिलं नाही. शिकायलाही कुणी धजावलं नाही. कुंजुकुट्टी एकटीच हार गुंफताना ते गुणगुणत राहिली.

तीस वर्षांनी वारं फिरलं. गोदवर्मा महाराजांची गाणी छापायचं ठरलं आणि केशव पणिक्कर नावाचे चिटणीस ताडपत्रं पुढ्यात घेऊन याच दालनात बसले. कुंजुकुट्टी काठी टेकत दाराशी आली. तिने सगळी हकीकत सांगितली.

"म्हातारे, पानावर सगळं आहे. तुझं काय काम?"

"पानावर शब्द आहेत हो. चाल कुठाय?"

"चाल आमचे विद्वान बसवतील."

"बसवतील? ती काय बिजागरी आहे बसवायला? चाल आहे! इथे आहे, माझ्या गळ्यात!"

"हार करणाऱ्या बायकांकडून आम्ही महाराजांची गाणी शिकायची?" पणिक्कर हसले. ती सूर धरायला माझ्याकडे वळली, तसे ते ओरडले, "हात लावू नकोस! राजवाड्याची वस्तू आहे."

"याला मी छेडत होते तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात, चिटणीस!"

तिने सुराशिवायच पहिली ओळ धरली. संतापाने आवाज चिरकला. पणिक्कर आणि त्यांचे कारकून खो खो हसले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला तरी आठवतंय ना रे?" आणि गेली. त्याच वर्षी ती वारली.

आता ते गाणं जिथे तिथे भलत्याच चालीत म्हणतात. लोक टाळ्या पिटतात. माझ्या अंगाची लाही लाही होते. मला खरी चाल पाठ आहे हो, अगदी शेवटच्या हरकतीपर्यंत! पण मी तंबुरा. माझ्याकडे षड्ज आणि पंचम, दोनच सूर. त्यांत ती चाल मी कशी सांगू?

मित्रांनो, माझी काच पुसायला येऊ नका. तुमच्याकडे कुणी म्हातारं माणूस काम करता करता काही गुणगुणत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, मला शिकवा. आजच म्हणा.

कुंजुकुट्टी दोन कोस चालत आली होती. तिला बसायला कुणी साधा पाटही दिला नाही.