चार हात मागे

गाडी घ्यायला जाताना बाबांना बरोबर न्यायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. पण आईला फोनवर तारीख सांगितली, म्हणजे ती बाबांना कळलीच. सकाळी सात वाजता माझी एसटी आमच्या टेकडीच्या पायथ्याशी थांबली, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्याच्या कडेला हजर. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला गाडीतलं कळत नाही असं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

ही गाडी मी हौसेने घेत नव्हते. आमचं घर टेकडीच्या माथ्यावर, आणि शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसते दगड आणि चढण. आठ महिन्यांपूर्वी आई घरातच पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणली. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी सांगितलं, ही चढण आता चालायची नाही. माझी छोटी गाडी पहिल्या वळणापुढे जात नाही. तेव्हापासून आई पायथ्याच्या गावात मावशीकडे, बाबा वर एकटे, आणि मी शहरात, दर रविवारी पाठीवर सामान घेऊन चढणारी. आई रोज संध्याकाळी फोन करायची. तब्येत नाही, हवापाणी नाही, पहिला प्रश्न एकच, "झाली का गाडी?" माझ्या नाकात दम आला होता. बाबा मात्र ताकास तूर लागू देत नव्हते. आईला घरी आणायचं म्हटलं की म्हणायचे, "तिथं बरी आहे ती. कशाला हलवतेस?"

विकणारे गृहस्थ निवृत्त मोजणीदार होते. जमिनी मोजत डोंगरदऱ्या फिरलेली त्यांची चारही चाकं ओढणारी जीप शेडमध्ये उभी होती. वीस वर्षांची, हिरवी. तो रंग ब्रशने दिलाय हे लांबूनही कळत होतं. डावा आरसा चिकटपट्टीने बांधलेला, मान टाकून लोंबत होता.

बाबांनी लगेच तपासणी सुरू केली. टायरच्या खाचांत बोटं घालून बघितली. पत्र्यावरून पुढून मागपर्यंत हात फिरवला. ऑईलची पट्टी काढून वास घेतला, दोन बोटांत चोळून पाहिलं. मग मला म्हणाले, "किलोमीटरचा आकडा किती झालाय, वाच बघू." चाळिशीतल्या मुलीची परीक्षा. मी मुकाट्याने वाचला.

"काका जाणकार दिसतात," मोजणीदार म्हणाले.

झालं. आता तर बोलायलाच नको.

मोठ्या गिअरशेजारी एक छोटा गिअर होता. त्याच्या पुढे-मागे पत्र्यावर मोजणीदारांनी बायकोच्या नेलपॉलिशने दोन ठिपके दिले होते. पुढे पांढरा, मागे लाल. "पांढरा म्हणजे साधा रस्ता," ते मला समजावू लागले. "लाल म्हणजे चढण, चिखल, दगड. चारही चाकं ओढतात, पण वेग विसरायचा. आणि ताई, पक्क्या डांबरी रस्त्यावर लाल लावायचाच नाही. चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअर तिथंच अडकून बसतो. अडकला तर आपण भांडायचं नाही, चार हात..."

"चौतीस वर्षं बस चालवलीय मी," बाबा मध्येच म्हणाले. "एक अपघात नाही."

त्यावर घाटातल्या बसची एक गोष्ट झाली, मग दुसरी. चार हातांचं पुढे काय करायचं ते राहूनच गेलं. मी आत जाऊन कागदांवर सह्या केल्या, त्यात दुपार झाली, मग चावी घेतली आणि निघाले.

पहिले वीस किलोमीटर गाडी बरी पळाली. बाबांची जीभ तिच्यापेक्षा जास्त पळाली. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. ब्रेक आधी लाव. हॉर्न कशाला वाजवतेस, हॉर्न कशाला वाजवत नाहीस. बाजूच्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. मग त्यांनी कान टवकारले.

"इंजिन ओरडतंय. त्याने लालवर ठेवलीय गाडी."

"पांढऱ्यावर आहे, बाबा."

"मला कानाने कळतं."

"आणि मला डोळ्यांनी दिसतंय."

यावर ते गप्प बसले. पटलं असेल असं मला वाटलं, ही माझी चूक. पेट्रोल पंपावर गाडी न्यूट्रलला ठेवून मी पैसे द्यायला उतरले. परत येऊन निघाले तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड. गाडी ताशी वीसच्या वर जाईना आणि इंजिनाने खरोखरच टाहो फोडला. मी कडेला घेऊन पाहिलं. छोटा गिअर लाल ठिपक्यावर.

"तुम्ही हात लावलात याला?"

"पांढऱ्यावर टाकला," बाबा शांतपणे म्हणाले.

"बाबा, हा लाल आहे."

त्यांनी खाली वाकून बघितल्यासारखं केलं. "मग त्याने ठिपके उलटे दिले असणार."

नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन्ही हातांनी गिअर ढकलला. हलेना. पाय टेकवून ढकलला. बाबा ढकलायला आले, त्यांचा हात आधी हँडब्रेकवर गेला, आणि मी तो झटकून टाकला. मोजणीदारांना फोन लावला, तीनदा. उचलला नाही. आई मावशीकडे सकाळपासून तयार होऊन बसली असणार, आणि अंधार पडल्यावर तो चढ चढायची माझी हिंमत नव्हती. थांबणंही शक्य नव्हतं. तशीच निघाले.

बावीस किलोमीटर. गोगलगाय बरी म्हणायची पाळी आली. मागून येणारा प्रत्येक ट्रक आधी हॉर्न वाजवायचा, मग ओलांडताना मान वळवून आम्हाला बघून घ्यायचा. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून पुढे गेले, हँडलला कोबीची पिशवी. चढ आला तेव्हा आम्ही त्यांना गाठलं, उतारावर ते परत पुढे गेले. त्यांनी हात केला. बाबांनी केला नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला. निदान माणुसकी म्हणून तरी.

"चौतीस वर्षं बस चालवलीत ना?" मी म्हणाले. एकदा सुरू झाले ती थांबेनाच. "सांगितलेलं ऐकायचं नाही, विचारायचं नाही, आपलंच घोडं दामटायचं. आठ महिन्यांत एकदा तरी म्हणालात का, तिला घरी आणू या म्हणून? मी एकटी धावतेय. तुम्हाला ती घरी यायला हवीय तरी का?"

बाबा समोर बघत राहिले. तिकडेच बघत म्हणाले, "तिथं बरी आहे ती."

मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज वाढला, वेग नाही. 

मावशीच्या दारात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आई उंबऱ्याशी खुर्चीवर, पायात बूट, मांडीवर पर्स, हातात काठी. बॅग शेजारी. "सकाळी दहापासून अशीच बसलीय," मावशी म्हणाली. "जेवायलाही बूट काढले नाहीत."

तेवढ्यात मोजणीदारांचा फोन आला. दुपारी जरा डोळा लागला होता म्हणे. "अडकला ना? अहो, सोपं आहे. जोर लावायचा नाही. गाडी चार हात मागे घ्यायची, चाकांतलं भांडण मिटतं, गिअर आपोआप सुटतो. काकांना माहीत असेलच."

"काकांना सगळंच माहीत असतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आता सोडवण्यात अर्थ नव्हता. पुढे चढणच होती, लालच हवा होता. मावशीने स्टूल आणलं, त्यावरून आईला वर चढवलं. पुढच्या सीटवर ऐसपैस बस म्हटलं तर ऐकेना. "मी ह्यांच्या मागे बसते," म्हणाली. मी गिअरची सगळी कहाणी तिला तिखटमीठ लावून सांगितली. ती हसेल, निदान बाबांना दोन शब्द सुनावेल, असं वाटलं होतं. तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. चल लवकर."

सगळे एकाच माळेचे मणी.

चढ सुरू झाला. पहिलं वळण, जिथे माझी छोटी गाडी दरवेळी हात टेकते, ते जीपने रांगत रांगत पण न कुरकुरता पार केलं. दगड चाकांखाली सरकत होते. आईने पुढच्या सीटची कड घट्ट धरली होती. बाबा कधी नव्हे ते गप्प होते. क्लच नाही, ब्रेक नाही, काही नाही. इतकी वर्षं ज्या बडबडीने डोकं उठवलं तीच मला आता हवी होती.

तिसऱ्या वळणावर घोडं अडलं. वळण अरुंद, उजवीकडे कडा, डावीकडे दरी. मी जरा उशिरा वळवली आणि पुढचं चाक एका मोठ्या धोंड्याला जाऊन भिडलं. अॅक्सिलरेटर दाबला, चाकं जागीच फिरली, दगड उडाले. पुन्हा दाबला, गाडी तिरकी सरकली. आईच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मी ब्रेक दाबून धरला.

भांडायचं नाही. चार हात मागे.

मागे म्हणजे दरीच्या बाजूने मागे. आणि डावा आरसा मान टाकून लोंबत होता.

"बाबा, मागे बघा," मी म्हणाले. लहानपणापासूनची सवय. रिव्हर्स घ्यायची म्हणजे बाबांनी बघायचं.

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे वळले. काहीच बोलेनात.

"बाबा?"

मधल्या आरशात मला आई दिसली. तिनेही तिच्या खिडकीतून मान बाहेर काढली होती. मग ती आत येऊन बाबांच्या कानाशी वाकली. अगदी हळू म्हणाली, "मोकळं आहे. दोन हात."

"येऊ दे," बाबा ठणठणीत आवाजात म्हणाले. "मोकळं आहे. दोन हात आहेत अजून."

मी ब्रेक जरा सैल सोडला.

"सरळ," आई पुटपुटली.

"सरळ ठेव स्टिअरिंग. सरळ."

"कड आली."

"थांब. कड आली. बास."

मी थांबले. तो त्यांचा बसवरचा आवाज होता, भरलेली बस घाटात मागे घेतानाचा, तसाच खणखणीत. आणि दोघांचं ते इतकं सफाईने चाललं होतं की हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं. टायरच्या खाचांतली बोटं, पत्र्यावरून फिरणारा हात, "आकडा वाच बघू". लाल की पांढरा. कोबीवाल्याला न केलेला हात. मी त्यांचा हात झटकला होता, हँडब्रेकवरून.

मला रडू आलं, आणि रडायची ती जागा नव्हती. मी पहिला गिअर टाकला, धोंडा चाकांच्या मधोमध धरला आणि निघाले. जीप हळूहळू वर आली.

"आता कशी," बाबा म्हणाले.

माथ्यावर अंगणात गाडी उभी केली तेव्हा ऊन उतरत होतं. बाबा कुलूप काढायला गेले. सतरा पावलं, एक पायरी, कडी. त्यांना काहीच चाचपडावं लागलं नाही. मी मागे वळून आईकडे बघितलं.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. समोरचं धुरकट दिसतं. रंग कळत नाहीत. लांबचं तर काहीच नाही. तुला सांगायचं नाही म्हणून ह्यांनी शपथ घातली होती."

"म्हणून रोज विचारायचीस, झाली का गाडी."

"मग काय माझ्यासाठी? तिथं काय कमी होतं मला?" आई जरा चिडूनच म्हणाली. "हे इथं एकटे गॅस पेटवतात. मला रात्र रात्र झोप नाही."

"आणि ते म्हणतात, तू तिथंच बरी."

आईने काठी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. "मी पाय घसरून पडले नाही गं. हे शिडी खांद्यावर घेऊन येत होते. मी समोरच उभी होते. मी दिसलेच नाही त्यांना." मग म्हणाली, "मी परत आले तर परत पाडतील, असं वाटतं त्यांना."

 राग आला होता, दोघांचाही. दोन वर्षं दोघांनी मिळून माझ्या डोळ्यांत धूळ फेकली. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा, कारण माझे डोळे तर धडधाकट होते.

बाबा परत आले. माझ्या बाजूच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. "उतरण्याआधी तो गिअर सोडवून ठेवू. अडकलेला ठेवून जाऊ नये."

आईने तोंड उघडलं. मी मान हलवून तिला थांबवलं. मी गाडी चार हात मागे घेतली आणि न्यूट्रलला आणली. बाबांनी हात पुढे केला. तो या वेळीही आधी हँडब्रेकवर गेला. मी तो उचलून छोट्या गिअरवर ठेवला. बाबांनी हात काढून घेतला नाही. बोटांनी गिअरची मूठ चाचपली.

मग म्हणाले, "पांढरा कुठला गं?"

"पुढचा, बाबा."

त्यांनी ढकलला. गिअर अलगद सुटला.