शब्दावर आलेला साक्षीदार

हवालदारबाई कोरे कागद घेऊन परत आल्या, तेव्हा खुर्ची रिकामी होती. ज्याचा जबाब लिहून घ्यायचा, तो वेल्डर जागेवर नव्हता.

"कुठे गेला हो हा?" त्यांनी टेबलापलीकडच्या शिपायाला विचारलं.

त्याने मान वर न करता पेनाने कोठडीकडे खूण केली. "साहेबांनी आत घेतलाय."

बाईंनी हातातले कागद टेबलावर टाकले.

कारखान्यामागच्या वस्तीतली माणसं लांबच्या मुलखातून कामासाठी आलेली. भाषा वेगळी, देव वेगळे, कपड्यांची तऱ्हा वेगळी. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी तिथे वळायची. म्हणून खाकी दिसली की पटापट दारं लागायची. सहा वर्षांपूर्वी ही वस्ती बाईंकडे आली. उसवलेला गणवेश घेऊन त्या वस्तीतल्या शिंपिणीकडे गेल्या आणि मग रोज अर्धा तास तिच्या मशीनपाशी बसून त्या लोकांची भाषा शिकल्या. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला त्या भाषेत 'बसा' म्हणायला गेल्या आणि गुरांना म्हणतात तसं 'चरा' म्हणाल्या. म्हातारा हसून हसून गडबडा लोळायचाच बाकी राहिला. तेव्हापासून वस्तीत त्या 'चराताई'. हळूहळू दारं उघडी राहू लागली. हरवलेली पोर, मारकुटा नवरा, शेजाऱ्याने तोडलेला नळ, सगळं चराताईंच्या कानावर येऊ लागलं.

आठवड्यापूर्वी कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली. रखवालदाराचं डोकं फुटलं. तार भरून नेणारा ट्रक शिंपिणीच्या धाकट्या भावाने, या वेल्डरने, पाहिला होता. नंबरही चिठ्ठीवर टिपून ठेवला होता. पण ठाण्यात यायला तो तयार नव्हता.

"ताई, आमची माणसं साक्षीला जातात आणि आरोपी होऊन बसतात," शिंपीण म्हणाली होती.

"माझ्या शब्दावर पाठव. मी स्वतः बसून लिहून घेईन."

शिंपिणीने मशीन थांबवलं. मग भावाला म्हणाली, "जा. चराताई आहेत ना."

आता बाई तडक साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, तो साक्षीदार आहे. मी आणलाय त्याला."

"आयता आलाय, तर विचारू द्या की. हा त्या वेळी तिथे काय करत होता?"

"कामावरून घरी जात होता. त्याच्या खिशात ट्रकचा नंबर आहे, तो तरी तपासा."

"बाई, त्यांची भाषा आली म्हणून तुम्ही त्यांच्यातल्या झाला नाहीत. जा, कामाला लागा."

तिसऱ्या दिवशी त्याच नंबरावरून ट्रक सापडला. चोर कारखान्याच्या ठेकेदाराचीच माणसं निघाली. वेल्डरला सोडून दिलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली होती. नोंदवहीत लिहिलं होतं, 'पाय घसरून पडला.'

बाई वस्तीत गेल्या. शिंपीण मशीनवर होती. "चुकलं माझं," त्या तिच्या भाषेत म्हणाल्या.

शिंपीण बाईंच्या भाषेत, अडखळत, म्हणाली, "मॅडम, काही काम आहे का? नसेल तर मला गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी नवरा म्हणाला, "चार वर्षं राहिलीत नोकरीची. डोळ्यांवर कातडं ओढून घे."

"अहो, माझ्या शब्दावर आला होता तो."

बाईंनी वरच्या कार्यालयाला तीन पानी तक्रार लिहिली. वेल्डरला कोणी आणलं, कोणी आत टाकलं, आत जाताना त्याची बोटं कशी होती. खाली सही केली. चौकशी सुरू झाली, पण वेल्डरने तोंड उघडलं नाही. वस्तीतलं दुसरंही कुणी पुढे आलं नाही. साहेब होते तिथेच राहिले. बाईंची बदली जप्त मालाच्या खोलीत झाली.

महिन्याभराने शिंपीण तिथे पावती घेऊन आली. भावाला आत घेतलं त्या दिवशी जप्त केलेली त्याची सायकल न्यायची होती.

"तो नाही आला?"

"तो आता ही पायरी चढायचा नाही." तिने सही केली. मग म्हणाली, "तुम्ही साहेबांविरुद्ध लिहिलंत म्हणे."

"लिहिलं."

"काय झालं मग?"

"अजून काही नाही."

"होणारही नाही."

 बाईंनी सायकल बाहेर काढली. तिची साखळी निघून लोंबत होती. त्या गणवेशातच खाली बसल्या आणि साखळी चढवू लागल्या.

"राहू द्या मॅडम, हात काळे होतील."

"होऊ देत."

साखळी दात्यांवर बसत नव्हती. सायकल सारखी कलंडत होती. शिंपीण नुसती पाहत उभी राहिली. मग तिने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.