वाळलेल्या झाडाचा आवाज

कामिनीला जन्मापासूनच फार थोडं दिसायचं. उजेड दिसायचा, सावली दिसायची, समोर माणूस उभा असला तर दुधात कुणी बोट फिरवल्यासारखं काहीतरी हलताना दिसायचं. पाचोऱ्याजवळच्या खेड्यातून ती जळगावला कॉलेजात आली. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं, तेव्हा प्रवेशाच्या खिडकीतल्या बाबूने दोनदा विचारलं, "नक्की?"

वर्गात तिची अडचण नव्हती. मोबाईल तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. पण प्रॅक्टिकलच्या तासाला सगळे तिला प्रेमाने स्टुलावर बसवायचे. "तू बस गं, रीडिंग पियुष घेईल." पियुष रीडिंग घ्यायचा, कामिनीच्या वहीत उतरवूनही द्यायचा. अशी दोन वर्षं तिने पंख्याचा आवाज ऐकत काढली.

बोरसे मॅडम दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला शिकवायला आल्या. एका दुपारी त्यांनी तिला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवला.

"काय ऐकू येतंय?"

आधी नुसती सरसर होती. मग मधेच एक टिचकी. लांब कुठेतरी कुणीतरी नखाने काच वाजवावी तशी.

"हे काय आहे मॅडम?"

"मलाही नीट माहीत नाही. झाडाला तहान लागली की त्याच्या आतल्या पाण्याच्या बारीक धारा तुटतात, तेव्हा आवाज होतो म्हणतात. तो इतक्या उंच पट्टीतला असतो, की आपल्या कानाला ऐकू येत नाही. हे यंत्र तो खाली ओढून आणतं. आपल्याकडच्या कपाशीवर, आपल्या उन्हात कुणी ऐकलेलं मला तरी ठाऊक नाही. ऐकशील?"

कामिनीने आणखी एक टिचकी येईपर्यंत हेडफोन कानांवर दाबून धरला. मग म्हणाली, "वही कोण लिहील?"

"तूच. बोलून ठेव, नंतर टाइप कर. काम तुझं आहे."

कॉलेजच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली कपाशीच्या चार कुंड्या होत्या, फेब्रुवारीत लावलेल्या. खोडाला सेन्सर लोखंडी चिमट्याने धरून ठेवलेला. मार्चभर कामिनी दुपारी तिथे बसायची. जाळीतून गाळून आलेलं ऊन तिच्या डोळ्यांत हिरवंगार व्हायचं, आणि त्या हिरव्या पाण्यात बुडून ती ऐकत राहायची. खाली रस्त्यावरचे ट्रक, टाकीवरचे पारवे, सगळं हळूहळू विरून जायचं. उरायच्या फक्त टिचक्या. सकाळी विरळ, ऊन चढेल तशा दाट. कधीकधी तिला वाटायचं, आपण खोडाच्या आतच उतरलोय, अंधाऱ्या बारीक नळीतून पाण्यासोबत वर चढतोय, आणि वर कुठेतरी पान आहे, पानापलीकडे आभाळ आहे.

एप्रिलच्या शेवटी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. कॉलेजला जोडून सुट्ट्या मिळाल्या. निघताना कामिनीने तीन कुंड्यांचं ठिबक चालू ठेवलं, चौथीचं बंद केलं. चौथीला तहान लागू द्यायची आणि सहा दिवस ऐकायचं, असं ठरलं होतं. यंत्र आपोआप नोंदत राहणार होतं.

गावी लिंबाला झोके बांधले होते. सासरहून आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. कामिनी झोक्यावर उंच जायची तेव्हा उजेड तिच्या अंगावर यायचा आणि मागे सरायचा. तिचे वडील, निंबा आबा, बाजूच्या बाजेवर बसले होते.

"झाड खरंच बोलस का व माय?" त्यांनी विचारलं.

"बोलस ना आबा."

"काय बोलस?"

"तीस लागनी म्हनीसन सांगस."

तहानेचं नाव निघताच आबा बाजेवर सरळ बसले. "मंग पानी दी दे ना तेले."

कामिनी इतकी हसली की झोका वाकडा झाला.

ती परतली तेव्हा कॉलेजचे शिपाई धनसिंगभाऊ यांनी यंत्रातलं कार्ड आधीच खाली आणून ठेवलं होतं. दोन दिवस ती ते ऐकत बसली. चौथ्या कुंडीतल्या टिचक्या रोज वाढत गेल्या होत्या. सहाव्या दिवशी दुपारी तर पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा सडा पडला होता. आकडे तिच्या मनासारखे चढत होते. आठ दिवसांनी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा होती. तिने मजकूर तयार केला, मॅडमनी चाळला, पोस्टर छापायला द्यायचं एवढंच उरलं.

त्या संध्याकाळी सहज, झाडाचा निरोप घ्यावा तशी, ती गच्चीवर गेली. हात पुढे केला. पान बोटांत चुरून गेलं. दुसरंही. खोड चाचपलं तर ते सरपणासारखं कडक होतं. वाकवलं तर काडकन मोडलं.

"धनसिंगभाऊ, हे कधी वाळलं?"

"पार कोळसा झाला ना ताई. चौथ्याच दिवशी. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

कामिनी तिथेच कठड्याला टेकून खाली बसली. चौथ्या दिवशी झाड मेलं, आणि सहाव्या दिवशी सगळ्यात जास्त बोललं. ज्याच्यात पाणीच नाही, त्याच्या धारा तुटणार कशा? मग ती दोन महिने ऐकत होती ते काय होतं? तिला रडू आलं. एक विचार असाही येऊन गेला, की कुणाला कळणार आहे? आकडे तर सुंदर आहेत.

ती अजून प्रयोगशाळेत असलेल्या बोरसे मॅडमकडे गेली आणि मोडलेलं खोड त्यांच्या टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. मॅडमनी खोड हातात घेतलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही.

"मग बोलत होतं कोण?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी धनसिंगभाऊंनी नशिराबादच्या आपल्या घरून पऱ्हाटी आणली, चुलीसाठी रचून ठेवलेली कपाशीची जुनी वाळकी काडी. कामिनीने ती कुंडीत रोवून तिला सेन्सर लावला आणि भर दुपारी कान दिला. पऱ्हाटी टिचक्या देत होती. सावलीत नेली की गप्प, उन्हात आणली की पुन्हा सुरू. कामिनीने हळूच चिमट्याला बोट लावलं. चटका बसला.

"मॅडम, चिमटा!" ती ओरडली. "लोखंड तापतंय, फुगतंय, तेच वाजतंय! पानं वाळली तशी त्याच्यावरची सावली गेली, म्हणून रोज जास्त!"

चिमटा काढून तिने सेन्सर सुताने बांधला, अगदी पक्का, अनेक वेढे देऊन. पऱ्हाटी दिवसभर गप्प राहिली. मग तिसऱ्या कुंडीचं पाणी तोडून तोच प्रयोग केला. दिवसभरात शेकडोंच्या जागी फक्त एकोणीस टिचक्या मिळाल्या. आवाजही वेगळा होता, मऊ, थेंब फुटल्यासारखा. कामिनीने त्या एकोणीस टिचक्या इतक्यांदा ऐकल्या, की झोपेतही तिला त्यांच्यामधली अंतरं जाणवत राहिली.

विद्यापीठातल्या दालनात चकचकीत पोस्टरांची रांग होती. तिच्या पोस्टरवर दोन आलेख होते, एक चिमट्याचा, एक सुताचा. एका परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे दोन महिन्यांचं काम चुकलं, हे सांगायला आलात?"

"हो सर. कसं चुकलं तेही सांगते." तिने हेडफोन पुढे केला.

ते मान हलवून पुढे गेले. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं आणि कामिनीला ते लागलंही.

मात्र धुळ्याहून आलेले पितांबर सर, कपाशीवर काम करणारे, दोनदा रांगेत परत आले होते. त्यांनी डोळे मिटून सगळ्या एकोणीस टिचक्या ऐकल्या होत्या. आठवड्याने त्यांचा मॅडमना फोन आला. "आमच्या शेतावर दोन महिने पाठवा तिला. राहायची सोय करतो."

जुलैमध्ये कामिनी धुळ्याला गेली. पाऊस लांबला होता, कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. पहिल्या दिवशी निंदणाऱ्या बायका जेवायला बांधावर गेल्या तेव्हा ती ओळीत एकटीच राहिली. वारा पानांवरून लाटेसारखा आला, तिला ओलांडून पुढे गेला, दूर कुठेतरी थांबला. चहूकडे पांढरट उजेड होता, त्यात हजारो झाडं उभी असावीत. तिने एका खोडाभोवती सूत गुंडाळायला घेतलं. बांधावरून कुणीतरी हाक मारली, "पोरी, भाकर खाय ना!"

"येते," ती म्हणाली, आणि ऐकत राहिली.